क्वोल आणि दयाळ

“मग या दोघांत जपायचा कोणता?” आत्मारामबुवांनी विचारलं.

ऊन अंगणात उतरलं होतं, तरी नदीकाठच्या त्या मठात प्रार्थना सुरू झाली नव्हती. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हृषीकेश खानोलकर अवघडून बसले होते. प्रार्थनेनंतर बुवा त्यांना अनुग्रह देणार होते. बायको गेल्यापासून जिवाला थारा नव्हता, म्हणून तर ते एवढ्या लांब आले होते. पण रिकामं बसवेना, तेव्हा सोबतची पेटी उघडून त्यांनी आपली विद्वत्ता पाजळायला घेतली होती.

पेटीत कापूस भरलेले दोन जीव होते.

“हा ऑस्ट्रेलियातला क्वोल. सस्तन, त्यातही शिशुधानी. मादी पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवते. फार थोडे उरलेत. हा संग्रहालयातला जुना नमुना आहे. जिवंत क्वोलाला मी बोटसुद्धा लावणार नाही.”

“आणि हा?”

“दयाळ. गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला. याची कसली काळजी, बुवा? पैशाला पासरी! काल संध्याकाळी तुमच्या कुंपणापलीकडेच जाळ्यात सापडला. रात्री भरून टाकला.”

ओसरीवर प्रार्थनेला जमलेल्यांतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला.

हृषीकेश गोंधळले. “काय झालं? आणि प्रार्थनेला कुणाची वाट पाहताय?”

“मठात घंटा नाही,” बुवा म्हणाले. “कुंपणावर दयाळ गायला, की आम्ही सुरुवात करतो. माझ्या गुरूंपासूनची रीत आहे.”

“...पण दुसरे दयाळ असतील की!”

“असतील.”

बुवांनी कुंपणाकडे बोट केलं. तिथं राखी रंगाची दयाळाची एक मादी सारखी या टोकाकडून त्या टोकाला जात होती. मध्येच थांबे, मान वळवून पाही, पुन्हा निघे.

हृषीकेशना घरातली दुसरी, रिकामी खाट आठवली.

बुवा उठले. अनुग्रह घेणाऱ्यासाठी पाट मांडला होता. दोन्ही हातांनी दयाळ उचलून त्यांनी त्या पाटावर ठेवला.

“मग... मी कुठं बसू?”

“कुंपणापाशी उभे राहा. आज सुरुवात तुम्ही करायची.”

हृषीकेश कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. ओसरीवर सगळ्यांनी डोळे मिटले. हृषीकेशनी तोंड उघडलं... आवाज फुटेना. पुन्हा उघडलं. गालांवरून पाणी वाहू लागलं.

“सावकाश,” बुवा म्हणाले. “आम्ही थांबतो.”