टिपकी बेडकुलीची पाल्याची गादी

ही बघा टिपकी बेडकुली. केवढीशी? तुमच्या अंगठ्याएवढी! राहायची विद्यापीठात. विद्यापीठ म्हणजे मोठ्ठ्या दादा-तायांची मोठ्ठी शाळा. तिथे आंब्याखाली होता वाळक्या पाल्याचा ढीग. आतून गार गार, ओला ओला. तीच टिपकीची गादी.

एक दिवस काय झालं? माळीमामांनी काडी ओढली. फर्र! पाला पेटला. धूरच धूर! टिपकीने मारली उडी, म्हणून वाचली. पण गादी गेली ना जळून! वर ऊन हे असं! टिपकीचं अंग लागलं सुकायला. ती रडली नाही हं. ती भडकली!

"मामा, मामा, पाला जाळू नका. मला माझी गादी द्या!"

"मग रोज पडणारा पाला ठेवू कुठे, तुझ्या डोक्यावर? मुलं खड्डा खणतील, तर पाला ठेवीन."

टुण् टुण् टप्प! मुलं कट्ट्यावर चहा पीत होती.

"दादा, ताई, खड्डा खणा!
मामा पाला ठेवत नाहीत,
मला गादी मिळत नाही!"

"खणू की! पण जागा कुठाय? आंब्याशेजारी तर मॅडमची गाडी. मॅडम गाडी काढतील, तर खड्डा खणू."

टुण् टुण् टप्प! मॅडम वर्गातून येत होत्या.

"मॅडम, मॅडम, गाडी काढा!
मुलं खड्डा खणत नाहीत,
मामा पाला ठेवत नाहीत,
मला गादी मिळत नाही!"

"अगं बाई! मग मी येऊ कशी, उडत? बसवाले काका बस काढतील, तर गाडी काढीन."

टुण् टुण् टप्प! इस्माईलकाका बसमध्ये घोरत होते. घुर्र फूऽऽ!

"काका, काका, बस काढा!
मॅडम गाडी काढत नाहीत,
मुलं खड्डा खणत नाहीत,
मामा पाला ठेवत नाहीत,
मला गादी मिळत नाही!"

"बसचं पोट रिकामं गं! सगळं डिझेल जनरेटर पितो. जनरेटर थांबेल, तर बस काढीन."

टुण् टुण् टप्प! जनरेटर ओरडत होता. ढण ढण ढण!

"जनरेटर, जनरेटर, थांब!
काका बस काढत नाहीत,
मॅडम गाडी काढत नाहीत,
मुलं खड्डा खणत नाहीत,
मामा पाला ठेवत नाहीत,
मला गादी मिळत नाही!"

"मी पण दमलो गं! पण लाईट गेलीय. साहेबांचा एसी कोण चालवणार? साहेब एसी बंद करतील, तर थांबेन."

टुण् टुण् टप्प! कुलगुरूसाहेब म्हणजे सगळ्या सरांचे सर. खिडक्या बंद. एसी गुर्र गुर्र. आणि साहेब? स्वेटर घालून, वर सत्काराची शाल पांघरून कुडकुडत बसलेले!

"साहेब, साहेब, एसी बंद करा!
जनरेटर थांबत नाही,
काका बस काढत नाहीत,
मॅडम गाडी काढत नाहीत,
मुलं खड्डा खणत नाहीत,
मामा पाला ठेवत नाहीत,
मला गादी मिळत नाही!"

"आँक् छी! छे छे! साहेबांच्या खोलीत एसी लागतोच!"

"मग शाल कशाला?"

साहेबांनी शालीकडे पाहिलं. एसीकडे पाहिलं.

"अरेच्चा! खरंच की!"

टिक! साहेबांनी एसी बंद केला. खिडकी उघडली. वारा आला सळसळ सळसळ!

जनरेटर थांबला. हुश्श!
काकांनी बस काढली. पों पों!
मॅडमनी गाडी काढली. भुर्र!
मुलांनी खड्डा खणला. खच्याक् खच्याक्!
मामांनी पाला ठेवला. सर्र सर्र!

आणि टिपकी? टुण् टुण् टप्प! थेट गादीवर! गाल फुगवून ओरडली, "डरांव! डरांव!" सगळ्या विद्यापीठाने टाळ्या वाजवल्या.

आता मॅडम बसने येतात. साहेबही येतात, कधीकधी उभ्याने! मामा पाला मुळीच जाळत नाहीत. आणि टिपकीच्या गादीवर काकू आली, मावशी आली, पोरंबाळं आली. हलायला जागा नाही!

मुलं म्हणाली, "टिपकी, अजून एक खड्डा खणू का गं?"

टिपकी म्हणाली, "डरांव!" म्हणजे, हो हो हो!