सशाची कानटोपी

प्राणी एकमेकांशी बोलत होते, त्या काळातली ही गोष्ट. माळावरचं म्हातारं कासव रोज संध्याकाळी सशाला गोष्ट सांगायचं. पण गोष्ट ऐन रंगात आली की शेजारची टिटवी हमखास ओरडायची. ससा वैतागून सुगरणीकडे गेला.

सुगरणीने दोन कानटोप्या विणल्या. दोन्हींना वेळूची नळी होती आणि नळीचं टोक कासवाच्या तोंडाशी ठेवायचं होतं. एक टोपी विरळ विणीची होती, तर दुसरीत सावरीचा कापूस ठासून भरलेला.

"विरळ घे रे बाबा," सुगरण म्हणाली.

"आणि त्या बयेची किरकिर ऐकत बसू? जाडच दे."

त्या संध्याकाळी ससा टोपी घालून, डोळे मिटून बसला. गोष्टीतला कोल्हा दबकत पुढे येत होता. त्याचं एकेक पाऊल सशाच्या कानात वाजत होतं. अचानक कासव गप्प झालं. 'वा, काय जागी थांबलंय!' सशाला वाटलं. मग त्याच्या मानेवर गरम श्वास आला. 'गोष्ट असावी तर अशी!' तो मनात म्हणाला.

तेवढ्यात टिटवीने त्याच्या डोक्यावर झडप घातली. ससा दचकून उडाला. खऱ्या कोल्ह्याच्या तोंडात नुसता कापूस राहिला. कासव तर कधीच कवचात शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सशाने विरळ टोपी मागितली.

"यातून टिटवी ऐकू येईल हं," सुगरण म्हणाली.

सशाने टोपी कानांवर चढवली. "आधी तिला एकदा ओरडायला सांग," तो म्हणाला. "नीट ऐकू आली, तरच घेतो."