यादीतलं सातवं नाव

“पण चाचा, सगळ्यांना सूचना गेली की! आता अजून कशाची वाट बघायची?”

निरंजनने हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर मुजावर खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, स्क्रीनकडे बघितलं, आणि काढून पुन्हा पुसायला घेतला.

ही गोष्ट बोलीकोशाच्या कचेरीतली. किनाऱ्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या जकातनाक्याच्या इमारतीत ती कचेरी होती. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कॅसेटवर भरून आणायचं, ते ऐकून टाइप करायचं आणि त्यातले शब्द वेचून कोशात घालायचे, हे तिथलं काम. खालच्या मजल्यावर एकच मोठं कॉम्प्युटरचं मशीन, आणि त्याला जोडलेली सात टर्मिनलं, म्हणजे नुसती स्क्रीन आणि बटणं, इमारतभर पसरलेली. माणसं सात ठिकाणी बसून टाइप करायची, पण लिहिलेलं सगळं यायचं ते या एका मशीनच्या पोटात. हे बंद, की सातही बंद.

अकरा वर्षं ते मशीन चाचांनी सांभाळलं. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी शहरातून हा निरंजन ढवळे आला होता. इंजिनिअर. हुशार होता, खोटं कशाला बोला! पण आपण हुशार आहोत हे त्याला स्वतःलाच जरा जास्त ठाऊक होतं. येऊन आठ दिवस झाले, पण गडी एकदाही जिना चढून वर गेला नव्हता. “माझं काम मशीनशी,” असं म्हणायचा.

संचालकांनी मात्र चाचांना बजावून ठेवलं होतं. “तुम्ही हो म्हणालात तरच त्याच्या हातात मशीनच्या खोलीची किल्ली. नाहीतर दुसरा बघू.”

हे निरंजनच्या कानावर आलं होतं. आणि घरी तर त्याने नोकरी पक्की झाल्याचं पत्र टाकूनसुद्धा दिलं होतं.

आज यूपीएसची बॅटरी बदलायची होती. त्यासाठी मशीन नीट बंद करून पुन्हा सुरू करायचं. बॅटरीवाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला होता, दारात उभा होता, आणि त्याला एकची एसटी गाठायची होती.

“दहा मिनिटांत मशीन बंद होणार, काम आवरा.” ही सूचना निरंजनने साती टर्मिनलांवर पाठवली. मग कामावर कोण कोण आहे ती यादी समोर उघडून बसला. एकेक नाव गळत गेलं. सहा गेली.

सातवं तसंच राहिलं. केळसकर.

“ह्या नावापुढे अडतीस मिनिटं दिसतायत,” निरंजन म्हणाला. “अडतीस मिनिटांत बाईंनी एक बटण दाबलेलं नाही. टर्मिनल तसंच टाकून चहाला गेल्या असतील. करू बंद?”

“जाऊन बघितलंस?”

“बघायचं काय त्यात? यादी सांगतेय ना, काही केलं नाही म्हणून.”

“मशीनला काही कळवलं नाही, एवढंच सांगतेय यादी.”

निरंजनने यादीकडे पुन्हा एकदा बघितलं.

“जा,” चाचा म्हणाले.

मग गेला. पाय आपटतच गेला.

वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत शकूताई केळसकर बसल्या होत्या. साठीच्या बाई, अंबाड्यात अबोलीचा गजरा. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले, हात मांडीवर. समोरची स्क्रीन काळीठिक्कर. निरंजनने दारातूनच पाहिलं आणि मागे फिरला.

“झोपल्यात,” खाली येऊन त्याने सांगितलं. “टर्मिनलही बंद आहे. मी म्हटलं नव्हतं?”

“विचारलंस त्यांना?”

“झोपलेल्या माणसाला काय विचारायचं, चाचा?”

“झोपल्यात का, हे.”

बॅटरीवाल्याने दारातून घड्याळ दाखवलं. “अहो साहेब, एकची गाडी चुकली तर मला पाचपर्यंत बसावं लागेल इथं!”

चाचांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते निरंजनला म्हणाले, “स्क्रीन काळी होती म्हणालास. शकूताईंना स्क्रीन कशाला हवी?”

“म्हणजे?”

“दिसत नाही त्यांना. जन्मापासून.”

निरंजनच्या तोंडात मारल्यासारखं झालं. आठ दिवस एका इमारतीत, आणि याला एवढं ठाऊक नव्हतं! या खेपेला त्याने पाय आपटले नाहीत.

वर जाऊन तो शकूताईंच्या शेजारी उभा राहिला. हाक मारली... ऐकू कुठून जाणार? मग घाबरत घाबरत खांद्याला हात लावला.

शकूताईंनी डोळे न उघडता तळवा वर केला. थांब.

तो थांबला. कॅसेट फिरत होती. बॅटरीच्या सेलवर चालणारा छोटा टेपरेकॉर्डर. पाच मिनिटांनी खट्कन आवाज झाला, बाजू संपली. त्यांनी हेडफोन काढला.

“कोण रे?”

“मी निरंजन. खालच्या मशीनवरचा.”

“अगो बाई, नवीन साहेब! आज पायधूळ झाडलीत म्हणायची. बंद करायचंय होय? एरवी मुजावर येतात. इथं स्टुलावर बसून राहतात कॅसेट संपेपर्यंत. काही बोलत नाहीत.”

“तुम्ही... टाइप करत नव्हता ना?”

“आधी अख्खी बाजू ऐकते. मग एका दमात उतरवते. तुकड्या-तुकड्यानं ऐकलं की बोलणाऱ्याचा सूर सुटतो बघ. आता सगळं डोक्यात आहे. बंद करणार असशील तर कर, मागाहून परत ऐकेन. पाऊण तासाचा प्रश्न. तू सांगितलंस तेवढं पुरे. न सांगता केलंस तर मी मुकाट बसून टाइप करत राहिले असते.”

“बंद मशीनवर?”

“मला काय कळणार? खालचं मशीन बंद असलं तरी माझी बटणं खटखट वाजतातच की.”

निरंजनने त्या बटणांकडे बघितलं.

“झालंय तसं एकदा,” शकूताई म्हणाल्या. “दोन वर्षांपूर्वी. मिठागरातली भागीरथी म्हणून म्हातारी होती. नव्वदीची. नुसत्या ओहोटीला तिच्याकडे अकरा शब्द होते रे! पाणी नुकतं हललं की एक, पाय बुडेल एवढं राहिलं की दुसरा. मी सगळं उतरवलं, सेव्हची बटणं दाबली, संध्याकाळी खूश होऊन खाली गेले तर मुजावर म्हणतात वीज गेली होती. थंडीचे दिवस, पंखा लावलेला नव्हता. मला समजलंच नाही.”

“पण कॅसेट होती ना?”

“कॅसेटी आपल्याकडे मोजक्या. टाइप झाली की दुपारच्या गाडीनं परत जाते, तिच्यावरच पुढच्या माणसाचं बोलणं भरतात. तीही तशीच गेली. आणि म्हातारी त्याच थंडीत गेली.” त्यांनी चाचपून कॅसेट बाहेर काढली. “अकरातले मला तीन आठवले. कोशात तीनच आहेत.”

खालून बॅटरीवाल्याची हाक आली. “अहो साहेब! येताय का जाऊ मी?”

निरंजन कठड्याशी गेला. बॅटरीवाला तसाच गेला तर बोभाटा थेट संचालकांपर्यंत जाणार, मग किल्ली राहिली बाजूलाच, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. घरी टाकलेलं पत्रही आठवलं.

“थांबायचं तर थांबा,” तो वरूनच ओरडला. “नाहीतर पाचच्या गाडीनं जा!”

आणि परत येऊन स्टुलावर बसला.

“लिहा तुम्ही, ताई.”

शकूताई हसल्या. हात बटणांवर आले. मग जे सुरू झालं ते काही विचारू नका! निरंजन स्वतः दोन बोटांनी टाइप करणारा. ती दहा बोटं तो बघतच राहिला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. एकची एसटी खालून भोंगा वाजवत गेली, तरी त्या थांबल्या नाहीत.

“झालं,” शेवटी त्या म्हणाल्या. “सेव्हही केलं.”

“बघू का एकदा?”

त्याने स्क्रीनच्या बाजूची चकती फिरवली. काळ्यावर हिरवी अक्षरं हळूहळू उजळली. वरच्या कोपऱ्यात त्याचीच सूचना होती. दहा मिनिटांत मशीन बंद होणार, काम आवरा... ती वाचायला त्या खोलीत कुणी नव्हतंच.

त्याने शेवटचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. शकूताईंनी मान डोलावली.

“बरोबर. जा आता, कर बंद. सुरू झालं की सांगायला ये मात्र.”

खाली बॅटरीवाला बाकावर तोंड फुगवून बसला होता. चाचांनी त्याला चहा पाजला होता, पण त्याचा राग काही उतरला नव्हता.

यादीत आता एकही नाव नव्हतं. निरंजनने मशीनला बंद व्हायला सांगितलं. चालू कामं एकेक करून मिटली, राहिलेलं सगळं डिस्कवर लिहून झालं, आणि ‘आता वीज बंद करायला हरकत नाही’ अशी ओळ आली. त्याचा हात बटणाकडे गेला... आणि थांबला. त्याने तळवा मशीनच्या पत्र्यावर ठेवला. आत डिस्कची घरघर चालू होती. ती मंदावली, अगदी बारीक झाली, निमाली. मग त्याने बटण दाबलं.

चाचा चष्मा पुसत होते.

बॅटरी बदलली. मशीन सुरू झालं. त्याने आधी डिस्क तपासू दिली, घाई केली नाही. सगळं ठीक आहे म्हटल्यावर टर्मिनलांवर सूचना पाठवली, आणि कुणी न सांगता उठून वर गेला.

“ताई, सुरू झालं.”

“ऐकलं हो,” शकूताई म्हणाल्या आणि पुढच्या कॅसेटकडे हात नेला.

तो खाली आला तेव्हा बॅटरीवाला स्टँडकडे गेला होता. यादीत सात नावं परत आली होती. आणि टेबलावर, त्याच्या वहीवर, किल्ली ठेवलेली होती.

निरंजनने किल्ली उचलली नाही.

“चाचा, मी दोनदा चुकलो.”

“मोजलं मी.”

“तुम्ही पाठवलं नसतंत तर मी बंदच केलं असतं.”

चाचा पायात चपला सरकवत होते. दुखरा गुडघा धरून हळूच उठले.

“एवढा गुडघा दुखतो तुमचा,” निरंजनला राहवेना. “आणि तरी अकरा वर्षं दर वेळी स्वतः तो जिना चढलात?”

“अकरा नाही,” चाचा म्हणाले. “दोन.”

दारापाशी जाऊन ते थांबले. पाठमोरेच.

“त्या दिवशी वीज गेली नव्हती.”