पाचाने गुणलेलं सरबत

कुडाळजवळच्या एका गावात शेवंती परब आणि तिच्या गटातल्या दहा बायका सोलर ड्रायरमध्ये कोकम वाळवत. ड्रायर मुंबईच्या एका कंपनीच्या पैशातून आलेला. ही कंपनी समाजाचं भलं होईल तिथे पैसा गुंतवी आणि किती भलं झालं ते मोजायला सुखटणकर साहेबांना धाडी. भलं नुसतं डोळ्यांना दिसून चालत नसे, तक्त्यात बसावं लागे.

साहेब वाटभर पित्ताने हैराण. उतरल्या उतरल्या त्यांनी ड्रायव्हरला झापलं, मग कोकम सरबताचे दोन पेले रिचवले. "वा, पित्त शमलं," म्हणाले आणि तक्ता उघडला.

"अकरा बायका. प्रत्येकीच्या घरची पाच माणसं. म्हणजे पंचावन्न आयुष्यं बदलली. पाचशेच्या खाली आम्ही ड्रायर परत नेतो."

"माझ्या घरात मी एकटीच आहे," शेवंती म्हणाली.

"तक्ता पाच म्हणतो."

"मग पाच. साहेब, तुमच्या हाताखाली माणसं किती?"

"एकशेवीस," साहेबांनी छाती फुगवली.

"तुमचं पित्त आमच्या सरबताने शमलं. आता तुम्ही त्यांच्यावर खेकसणार नाही. एकशेवीस गुणिले पाच, सहाशे. लिहा."

साहेब कोकमासारखे लाल झाले. "याला पुरावा काय?"

"तुम्हीच की." शेवंतीने तिसरा पेला पुढे केला. "आता चिडलात, तर प्रकल्प फसला असं खुशाल लिहा."

अकरा जणी साहेबांच्या तोंडाकडे बघत बसल्या. साहेबांनी सरबताबरोबर राग गिळला आणि सहाशे लिहिले.

दारातून ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, गाडीत ठेवायला एक बाटली द्या. परतीचा रस्ता लांबचा आहे."