रुमलीबाईची रेघ

फोनला रेंज मिळावी म्हणून माणसं टेकडी चढून जायची, त्या काळातली ही गोष्ट. सातपुड्यात कुंडीआंबा नावाच्या पाड्यावर रुमलीबाई राहायची. तिचा नवरा नुऱ्या साप चावून गेला. मागे राहिल्या दोन लेकी आणि उतारावरचं एक शेत. लग्न होऊन आल्यापासून त्या शेतातले दगड रुमलीने वेचले होते आणि त्यांचाच बांध रचला होता.

नुऱ्याचे दिवस होतात न होतात तोच तिच्या दिराने, जालम्याने, उभ्या ज्वारीत बैल घातले. भावाची जमीन ती आता माझी, म्हणाला, बाईचं नाव कधी जमिनीला लागतं का? रुमली पंचांकडे गेली. पंचांनी ऐकून घेतलं आणि जालम्याच्या अंगणात मोहाची दारू प्यायला गेले.

रुमली रडली नाही. असं म्हणतात, तिला इतका राग आला होता की नदीवरून येताना ओलं लुगडं अंगावरच वाळायचं.

तेव्हा जंगलजमीन कसणाऱ्याला त्या जमिनीचा हक्क देणारा कायदा आला होता, आणि रुमलीचं शेतही जंगलजमिनीवरच होतं. ललिता नावाची एक कार्यकर्ती पाड्यावर फोन घेऊन आली. शेताच्या कडेने तो धरून चाललं की पडद्यावर शेताची रेघ उमटायची. रेंज नसली तरी चालायचं, कारण तो फोन थेट आभाळातल्या उपग्रहाला विचारायचा, मी कुठे आहे? आभाळातून काढलेल्या जुन्या फोटोंत रुमलीचा बांध वर्षावर्षाने लांब होत गेलेला दिसत होता; तोच तिने जमीन कसल्याचा पुरावा.

रुमली तसं शेत मोजायला शिकली. आधी स्वतःचं शेत, मग दुसऱ्या विधवेचं, मग नवऱ्याने टाकलेलीचं, मग कधी लग्नच न केलेल्या म्हातारीचं. असं म्हणतात, ती चालायला लागली की काटे आपणहून बाजूला व्हायचे.

त्याच सुमारास जालम्याची गाय मेली. रुमली डाकीण आहे, तिच्या हातातल्या यंत्राने माझी गाय खाल्ली, अशी त्याने पाड्यात आवई उठवली.

डाकीण कुणाला म्हणतात ते नीट ऐका, बाळांनो. जिच्याकडे घेण्यासारखं काही नाही, तिला कुणी डाकीण म्हणत नाही. आधी जमिनीवर डोळा जातो, मग ती डाकीण होते. अशा किती जणींना मारलं, हाकलून दिलं आणि त्यांच्या शेतात नांगर घातले, ते या डोंगराला माहीत आहे.

भर दुपारी पुरुष काठ्या घेऊन शेतावर आले. पाड्यातल्या बायका मागे घोळक्याने उभ्या होत्या. रुमली बांधावर उभी राहिली.

"डाकीण म्हणता ना? बरं," ती म्हणाली. "आता मी शेताला फेरी घालते. माझ्या रेघेच्या आत ज्याला यायचंय त्याने यावं."

आणि ती चालली. असं म्हणतात, तिच्या पावलांखालचं गवत करपत गेलं आणि धूर निघाला. असंही म्हणतात की भर उन्हात आभाळात एक तारा दिसला आणि तो तिच्या बरोबरीने फिरला. फेरी पुरी झाली. जालम्याने पाय उचलला, आणि होता तिथेच खाली ठेवला.

मग घोळक्यातून त्याची बायको बिजारी पुढे आली. रेघ ओलांडून रुमलीशेजारी जाऊन उभी राहिली.

"मलाही डाकीण म्हण," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि आपल्या शेताला माझंही नाव लाव."

तिच्यामागून एकेक करत सगळ्या बायका आत गेल्या. पुरुष बाहेर उभे. दिवस कलला, भूक लागली, पण घरी चूल पेटवणारी कुणी नव्हती. काठ्या टाकून ते परत गेले.

पुढे वर्षं गेली, कचेरीच्या खेपा झाल्या, मोर्चे निघाले. शेवटी बायकांच्या नावाचे जमिनीच्या हक्काचे पट्टे आले. ते वाटताना मैदानातल्या मंडपात सरकारी साहेबाने रुमलीचं अभिनंदन केलं. ती हसली नाही.

"माझंच होतं," ती म्हणाली. "एवढा वेळ का लावला?"

असं म्हणतात, तो प्रश्न अजून त्या मैदानात ऐकू येतो.

आजही कुंडीआंब्यात नवी सून आली की बायका तिला शेतावर नेतात. ती फोन हातात धरून कडेने फिरते आणि तिने हाक मारल्याशिवाय नवरा बांध ओलांडत नाही. याला रुमलीची रेघ म्हणतात. आणि कुणी एखाद्या बाईला डाकीण म्हटलं, तर अख्खा हंगाम पाड्यातली एकही बाई त्याच्या शेतात पाय ठेवत नाही, त्याची आईसुद्धा नाही. मधे एकाने दारूच्या भरात भावजयीला तसं म्हटलं होतं. त्या वर्षी त्याच्या शेतात गवत कमरेपर्यंत वाढलं, आणि ते कापायला तो एकटाच होता.