चिठ्ठीखालची ओळ

विषय : नदीच्या उतारांवरील ग्रंथात, तो प्रसिद्ध झाल्यानंतर करण्यात आलेले फेरफार.
संदर्भ : पुढील आवृत्तीवर गुरूंच्या नावाखाली आपलेही नाव छापावे, असा शिष्याचा अर्ज.

एकदा एक वृद्ध शास्त्री एका मोठ्या नदीचे सगळे उतार, म्हणजे पायी पार करण्याजोग्या जागा, ग्रंथात नोंदवून बसले. पात्रात कुठून शिरावे, कोणते झाड उजव्या हाताला ठेवावे, पाणी गुडघ्याला लागेल की कमरेला, सारे त्यात होते. नदी मात्र दर पावसाळ्यात पात्र बदलत असे; तिने ग्रंथ वाचलेला नव्हता. म्हणून दुसरी आवृत्ती काढणे आले. शास्त्रीबुवांचे गुडघे धरले होते, तेव्हा खालच्या अंगाचे उतार शिष्याने मोजून आणले. साठ प्रती निघाल्या. प्रत नेणाऱ्याचे नाव आणि गाव वहीत टिपून घेण्याचा शास्त्रीबुवांचा शिरस्ता होता. ते कामही शिष्याकडेच होते. प्रती संपल्या आणि शिष्याने अर्ज दिला. गुरूंनी तो वाचला, “पाहू” म्हणाले आणि वहीत ठेवून दिला. असा ठेवलेला कागद सहसा म्हातारा होऊनच बाहेर येतो.

पुढे काही महिन्यांनी शास्त्रीबुवांनी एक विचित्र उद्योग आरंभला. सकाळीच खळीची वाटी आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ते काठी टेकत निघत. ज्याने ग्रंथ नेला त्याच्या ओसरीवर बसत, ग्रंथ मागून घेत, आत काहीतरी चिकटवत आणि परत देत. कुठे जातो, कशाला जातो, शिष्याला अवाक्षर नाही.

शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा आपल्या जुन्या चुका गुपचूप बुजवतो आहे, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. किंवा त्याहून वाईट : आपली मोजमापे काढून स्वतःची घालतो आहे, म्हणजे नाव छापण्याचा प्रश्नच मिटला. हाती पुरावा असावा म्हणून शिष्याने स्वतःची, अजून चिठ्ठी न लागलेली प्रत पेटीत धोतरांखाली दडवली. मग एके सकाळी नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, वाटी मी धरतो.”

गुरूंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले. “चल.”

ते एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे गेले.

“या शास्त्रीबुवा!” व्यापारी हसला. “ग्रंथ लिहिलात की मातीचं घर बांधलंत? वर्ष सरलं नाही तोच लिंपण?”

“नदीकाठचं घर आहे, शेटजी. लिंपावंच लागतं. आणा इकडे.”

गुरूंनी पान काढले, चिठ्ठीच्या एकाच कडेला खळ लावली आणि ती अशी चिकटवली की उचलली तर खालचे स्वच्छ वाचता यावे. शिष्याने मान लांब केली. खालची ओळ त्याचीच होती : ‘येथून म्हशी सहज जातात. पाणी कमरेइतके.’ वर चिठ्ठी होती : ‘मागे मी येथे कमरेइतके पाणी लिहिले, ते चुकले. पाणी पुरुषभर आहे. म्हशी पोहून जातात.’ खाली गुरूंची सही.

शिष्याला ती दुपार आठवली. त्या दिवशी ऊन फार होते. त्याने झाडाखाली बसूनच म्हशींच्या पाठी पाण्यावर पाहिल्या आणि हिशेब केला. म्हशी पोहतात, हे त्याच्या वाचनात आले नव्हते.

“अहो, पण खालचं सगळं दिसतंय की!” व्यापारी म्हणाला. “पानच फाडा, नवं डकवा. कोणाला कळतंय?”

“कोणाला कळणार नाही, हीच तर भीती,” गुरू म्हणाले. “तुमच्या गाडीवानाला हा उतार तोंडपाठ आहे. तो आता ग्रंथ उघडायचा नाही. असाच एक गाडीवान गेल्या महिन्यात तिथे शिरला. बैलाचं शेपूट धरून कसाबसा काठाला लागला. दुसरा बैल गेला. मी पान गुपचूप बदललं तर ग्रंथ सुधारेल, गाडीवान नाही सुधारणार. उलट कोणी नवं वाचून दाखवलं तर तो म्हणेल, मी कमरेइतकं ऐकलंय, हा छापखान्याचा घोळ. त्याला त्याची ओळखीची ओळ दिसली पाहिजे आणि ती चुकली हे तिथेच दिसलं पाहिजे. छापलेलं लोकांच्या डोक्यात जाऊन बसतं, शेटजी. तिथे खळ लागत नाही.”

व्यापाऱ्याने गाडीवानाला हाक मारली.

परतताना शिष्य वाटी धरून मागे चालत होता. मग म्हणाला, “गुरुजी, ती ओळ माझी होती.”

“हो.”

“मग चिठ्ठीत ‘मी’ कसं?”

“ग्रंथावर नाव माझं आहे ना! तुझा अर्ज वाचलाय मी. नाव छापणं सोपं आहे. ते छापलं की ही वणवण मागे लागते.”

“किती घरं राहिली?”

“आजचं धरून अठ्ठावन्न झाली. एक प्रत तुझ्या धोतरांखाली आहे, तिला तूच चिठ्ठी लाव. साठावी कोणी नेली? वहीत नाव नाही.”

शिष्य थबकला. जत्रेला निघालेला एक कापडवाला दारात उभ्या उभ्या ग्रंथ चाळून म्हणाला होता, “खालच्या अंगाचं वर्णन काय बहारीचं आहे हो!” त्या आनंदात शिष्याने प्रत दिली, आणि नाव-गाव टिपायचे राहूनच गेले. पुढच्या जत्रेला त्याच उतारावरून येईन, एवढे मात्र तो माणूस जाताना बोलला होता.

शिष्याने ते सारे सांगितले. गुरूंनी ऐकून घेतले, आणि खळीची वाटी शिष्याच्या हातातच राहू दिली.

तेव्हापासून शिष्य त्या उतारावर बसतो. येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, “नदीचा ग्रंथ वाचलाय का?” काही जण हसतात, काही जण कमरेची थैली चाचपून लांबून जातात. तो पाणी पुरुषभर असल्याचे सांगतो, आणि ‘कमरेइतके’ कोणी लिहिले होते तेही सांगतो.

कापडवाला अद्याप आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.