तुफानरावाचा चेला बुधाजी

दर्याकाठच्या एका गावात एक भोळा खलाशी होता. नाव बुधाजी. अंगानं रेडा, मनानं वासरू. सावळाराम तांडेलाच्या मचव्यावर तो कामाला होता. तांडेलाची मुलगी शेवंता हिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं, तेही शेवंतानंच हट्ट धरला म्हणून. "भोळो असा, पण खोटा बोलणा नाय," असं तिचं म्हणणं. तांडेलानं कपाळावर हात मारून होकार दिला आणि बुधाजीला बजावलं, "हंगाम संपासर नीट वाग. भानगड केलस तर लगीन मोडला!"

बुधाजीला नाद एकच. 'दर्याचा दणका' नावाचं मासिक. कागद पिवळट, चित्रं भडक. त्यातला कप्तान तुफानराव दर अंकात नव्या बंदरावर उतरे, पाच-पन्नास खलाशांना लोळवी आणि मगच चहा पिई. एवढ्या हाणामारीत त्याची टोपी काही पडत नसे. असं कसं, हे विचारायचं बुधाजीच्या डोक्यात आलं नाही. एका अंकात लिहिलं होतं, 'नव्या बंदरात पहिला ठोसा आपला!' ते त्यानं पाठ केलं.

मचवा नव्या बंदराला लागला. धक्क्यावरच्या एका भल्या माणसानं दोर पकडायला हात पुढे केले. बुधाजीनं उडी मारली आणि त्याला ठोसा हाणला. माणूस आडवा, दोर पाण्यात, मचवा परत दर्यात.

"मेल्या, माणूस कोण ता तरी बघ!" तांडेल ओरडला. "आधी नाव इचार, मगे काय ता कर!"

"बरा, तांडेलांनू," बुधाजी म्हणाला.

पुढच्या बंदरात खरीच मारामारी झाली. धक्क्याला आधी कोण लागणार, यावरून दुसऱ्या मचव्याच्या खलाशानं तांडेलाचा गळा धरला. बुधाजी धावत आला.

"तुमचा नाव काय?"

"लाडू," तांडेलाला गदागदा हलवत खलाशी म्हणाला.

"बापाशीचा?"

"भिवा." तांडेलाला एक थप्पड.

"गाव खंयचो?"

गाव कळेपर्यंत तांडेलाचा एक दात गेला.

"नावगाव कसला इचारतस!" तांडेल रक्ताळलेल्या तोंडानं म्हणाला. "माझ्या गळ्याकडे कोणाचो हात दिसलो, की इचारू नको. उचल आणि पाण्यात टाक!"

"बरा, तांडेलांनू."

तिसऱ्या बंदरात भांडण नव्हतं, तंटा नव्हता. तांडेल धक्क्यावर निवांत दाढी करायला बसला. न्हाव्यानं त्याची हनुवटी वर केली आणि गळ्याला वस्तरा लावला. बुधाजीनं काही विचारलं नाही. न्हावी पाण्यात, वस्तरा पाण्यात, तांडेलाची दाढी अर्धी.

न्हाव्याची माणसं चवताळली. त्यांनी धोंडे मारायला सुरुवात केली. बुधाजी छाती काढून उभा राहिला, कारण तुफानराव कधी पळत नसे. दोन धोंडे तांडेलाला बसले.

"लगीन मोडला!" अर्ध्या दाढीचा तांडेल घरी येऊन गरजला. शेवंतानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं 'दर्याचा दणका'चे सगळे अंक चुलीत घातले आणि बापाचे पाय धरले. पोटच्या पोरीपुढे बापाचं काय चालणार? तांडेलानं बुधाजीला समोर बसवलं.

"शेवटचा सांगतंय. कोणाक हात लावचो नाय. लोक चारी बाजूंनी काय मारूक लागले, की माका उचल, मचव्यात घाल, शीड सोड. मागे बघूचा नाय!"

"बरा, तांडेलांनू."

लग्नाचा मांडव किनाऱ्यावरच पडला. शेवंता जीव मुठीत धरून उभी होती. पण बुधाजी मुंडावळ्या बांधून देवासारखा शांत. कुणाला हात लावला नाही, कुणाला नाव विचारलं नाही. वऱ्हाडी मंडळींनी अक्षता शेवटच्या मंगलाष्टकासाठी राखून ठेवल्या होत्या. ते संपलं, अंतरपाट दूर झाला आणि शंभर-दीडशे मुठी एकदम सुटल्या.

डोक्यावर, पाठीवर, चारी बाजूंनी मारा! बुधाजीनं तांडेलाला शोधलं. उचलायला हात मोकळे हवेत, म्हणून हातातला हार आधी त्याच्याच गळ्यात घातला. हार पडलेला बघून ताशेवाल्यांनी ताशे बडवले. तांडेल मचव्यात गेला, शीड सुटलं.

"फिरव, मेल्या! चेडू माझा मांडवात उभा असा!"

"मागे बघूचा नाय."

"अरे, त्यो अक्षता होत्यो!"

"असतील. धोंड्यांपेक्षा बारीक होत्यो, पण मारणारे लय होते!"

शेवंता आपला हार घेऊन गुडघाभर पाण्यात धावली. आधी ती रडली. मग मांडवाकडे वळून ओरडली, "भटजीनू, लगीन लागला की नाय?"

भटजींनी पोथी उलटसुलट चाळली. मुहूर्त साधला होता, अक्षता पडल्या होत्या, हारही पडला होता.

"लागलं गो बाय," ते म्हणाले, "पण तुझ्या बापाशी."